ठरलेला सौदा तिसऱ्याने फोडला, तर दावा कोणावर?

आजचा विषय सौदा फोडण्याचा. रावेर-यावलकडच्या पोरांना हा प्रकार वेगळा सांगायला नको.

समजा, तुमच्या कांदेबागेतल्या १०० क्विंटल केळीचा सौदा झाला. भाव १५०० रुपये क्विंटल, कटाई सोमवारी, विसार फोनपेवर जमा. रविवारी दुसरा व्यापारी बांधावर येतो. "काय भो, कितीत दिली? पंधराशे? मी एकोणीसशे देतो, आजच गाडी लावतो. त्याचा विसार परत करून टाक." तुम्ही माल देता. सोमवारी पहिल्याची गाडी मजुरांसकट येते, तर बाग रिकामी.

आता पहिला व्यापारी कोणाला धरणार? आधी तुम्हालाच. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७३. करार मोडल्यामुळे जे नुकसान सरळ झालं, ते मागता येतं. त्याला तसाच माल बाजारात १९०० ने घ्यावा लागला, तर क्विंटलमागे ४०० चा फरक, म्हणजे ४०,००० रुपये. विसार परत केला की आपण सुटलो, असं आपल्याकडे बहुतेक लोक धरून चालतात. तसं नाहीये. आणि "कागद कुठे झालाय" हेही चालत नाही. तोंडी सौदा हा करारच असतो, फक्त तो सिद्ध करावा लागतो. फोनपेची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचं "सोमवारी कटाई पक्की" हे त्यासाठी कामाला येतं.

पण ज्याने हे सगळं घडवलं, तो दुसरा व्यापारी? त्याचा तर पहिल्याशी काही करार नव्हता. मग तो मोकळा का?

याचं उत्तर लंडनच्या एका गायिकेपासून सुरू होतं. योहाना वाग्नर, संगीतकार रिचर्ड वाग्नर यांची पुतणी. तिने लम्ली नावाच्या थिएटरवाल्याशी करार केला होता. गाय नावाच्या दुसऱ्या थिएटरवाल्याने जास्त पैसे देऊन तिला आपल्याकडे ओढलं. आपल्याकडे धुळ्यात लग्नतारखेला बुक केलेला बँड दुसऱ्याने जास्त सुपारी देऊन पळवावा, तसंच हे. कोर्टाने तिला गायच्या थिएटरात गायला मनाई केली. लम्लीकडे गाच, असा हुकूम मात्र दिला नाही. कोर्ट कोणाला जबरदस्तीने गायला लावत नाही. मग लम्लीने थेट गायवर दावा लावला. १८५३ मध्ये कोर्टाने ठरवलं की जाणूनबुजून दुसऱ्याचा करार मोडायला लावणं हीच स्वतंत्र चूक आहे. कायद्याच्या भाषेत अपकृत्य, म्हणजे टॉर्ट.

गंमत पुढे आहे. पुरावे झाले तेव्हा लम्ली हरला. तो करार आता बंधनकारक राहिलेला नाही, असं गायला प्रामाणिकपणे वाटत होतं, हे ज्युरीने मान्य केलं. सगळा खेळ या 'माहीत होतं का' वर आहे. आपल्या दुसऱ्या व्यापाऱ्याला सौद्याची कल्पनाच नसती आणि त्याने नुसता चांगला भाव सांगितला असता, तर तो धंदा झाला. जास्त भाव देणं गुन्हा नाही. पण "विसार परत करून टाक" हे त्याचं वाक्य त्याला अडकवतं. सौदा त्याला माहीत होता आणि तो मोडायला त्यानेच लावला. वर नुकसानही झालं. माझ्या मते असा व्हॉइस मेसेज हाती असेल तर अर्धी केस तिथेच उभी राहते.

नोकरीतही हेच. पुण्याला किंवा जळगाव एमआयडीसीत लागलेल्या अनेकांनी बाँडवर सही केलेली असते. नोटीस पीरियड नीट पूर्ण करून गेलात, तर करार मोडलाच नाही, मग नव्या कंपनीवर दावा कसला? १९९९ मध्ये दिल्ली हायकोर्टात पेप्सीने कोकाकोलावर माणसं फोडल्याचा आरोप केला होता. कोर्टाने मनाईहुकूम दिला नाही. नोकरी सोडल्यानंतरही स्पर्धकाकडे जायचं नाही, अशी अट कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. मुदतीच्या आत मात्र गोष्ट वेगळी. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीतला एक कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्ध्यात सोडून जास्त पगारावर कोट्याच्या कंपनीत गेला. करार संपेपर्यंत तिथे तसलं काम करायचं नाही, ही मनाई सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये कायम ठेवली. लक्षात घ्या, मनाई त्या कर्मचाऱ्यावर आली. फोडणाऱ्यापेक्षा मोडणारा कोर्टात सापडायला सोपा असतो.

त्यात मुदतीचा एक पेच आहे, तो वकिलाकडे जायच्या आधी माहीत असू द्या. १९६३ च्या मुदत कायद्यात, ज्याने करार मोडला त्याच्यावर भरपाईचा दावा लावायला तीन वर्षं मिळतात. ज्याने मोडायला लावलं, त्याच्यावर फक्त एक. अनुच्छेद ७८, आणि घड्याळ करार मोडला त्या दिवसापासून चालू. म्हणजे पहिला व्यापारी दीड वर्षाने जागा झाला, तर एकोणीसशेवाला सुटलेला असतो आणि नोटीस येते ती तुमच्याच घरी.