तर्रीचा डाग आणि आग्नेसबाई

मिसळीच्या शहरात हा प्रश्न पत्रांतून येणारच: पांढऱ्या शर्टावर तर्री सांडली, तर लगेच काय करायचं?

आधी काय करायचं नाही ते सांगतो. पाणी लावायचं नाही. हॉटेलात सगळे नेमकं तेच करतात. रुमाल ग्लासात बुडवून डाग खसाखसा घासतात. त्याने तेल निघत नाही, उलट धाग्यात आणखी खोल जातं. तर्रीचा थेंब सुती कापडावर पडला की बघा, तो गोल राहत नाही. उभ्या-आडव्या धाग्यांच्या वाटेने त्याला टोकं फुटतात. हे केशाकर्षण. तर्री कढत, म्हणून तेल पातळ, म्हणून पसरणंही झपाट्याचं.

मग त्याच केशाकर्षणाला दुसरी वाट करून द्यायची. पेपर नॅपकिन नुसता दाबून तेल टिपा. घरी पोचल्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड जाडसर पसरा. पुडीच्या कणांमधल्या बारीक फटी तेल ओढून घेतात आणि मिरचीचा लाल रंग तेलातच विरघळलेला असल्याने तोही बराचसा सोबत येतो. पंधरा-वीस मिनिटांनी झटकून टाका. उरलेल्या डागावर, कापड न भिजवता, भांडी घासायचं लिक्विड थेंबभर चोळा आणि मग धुवा.

लिक्विडच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. तेल-पाण्याच्या सीमेवर हे रेणू दाटले की तिथला ताण उतरतो, आणि धाग्याला चिकटलेलं तेल गोळा होऊन सुटतं. पाण्याच्या पृष्ठभागावरचा असाच ताण तेलकट थराने कसा उतरतो, हे नीट मोजलं कोणी? आग्नेस पॉकेल्स यांनी, स्वयंपाकघरात!

जन्म १८६२चा, मुक्काम जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला. तेव्हा तिथे मुलींना विद्यापीठाचं दार बंद. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकायला गेला, त्याच्याकडून पुस्तकं मिळायची; बाई मात्र आजारी आईवडिलांची सेवा करत घरी. खरकट्या भांड्यांच्या तेलकट पाण्याकडे बघता बघता त्यांनी पत्र्याचं एक तबक केलं. काठोकाठ पाणी, वर सरकवायची पट्टी, आणि पृष्ठभागाची ओढ मोजायला तराजूला टांगलेलं बटण. पट्टी सरकवून पाण्यावरच्या तेलकट थराची जागा कमी करत गेल्या. बराच वेळ ताण तसाच राहिला आणि एका मर्यादेनंतर एकदम घसरला. नाशिकच्या रामकुंडावर माणसं विखुरलेली असतात तोवर कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. पर्वणीला खांद्याला खांदा भिडला की एक जण वाढला तरी सगळ्यांना कळतं. रेणूंचंही तसंच.

१८९१च्या जानेवारीत बाईंनी हे सगळं भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवलं. रॅलेंचा मोठेपणा असा, की त्यांनी पत्र ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेकडे धाडलं आणि मार्चमध्ये ते छापून आलं. पुढे रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युअर यांनी त्याच जातीचं तबक वापरून संशोधन केलं आणि १९३२चं नोबेल त्यांना मिळालं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने आग्नेसबाईंना मानद डॉक्टरेट दिली, वयाच्या सत्तराव्या वर्षी! उपकरणाला मात्र जग लँगम्युअरचंच नाव लावतं. मला हे पटत नाही.

असो, शर्टाकडे वळू. कपड्याच्या साबणाने डाग एकदम लालभडक झाला तर घाबरू नका. ती हळद आहे, अल्कलीत ती लाल होते. पिवळी झाक राहिलीच तर उन्हात टाका, हळद आणि मिरची दोन्हींचे रंग उन्हाने उडतात. सोडावॉटरचे गोडवे ऐकाल. तेलापुढे ते नुसतं पाणीच. ‘चुटकीसरशी डाग गायब’वाल्या महागड्या बाटल्यांचा भरवसाही प्रामुख्याने याच दुतोंडी रेणूंवर असतो.

डाग पुरता गेल्याशिवाय इस्त्री मात्र फिरवू नका. सोयाबीन, सूर्यफुलाचं तेल उष्णतेने हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जाऊन घट्ट होतं. रंगारी जवसाचं तेल वापरायचे ते याच गुणासाठी. तसा डाग मग लिक्विडलाही दाद देत नाही.

आणि येवल्याच्या पैठणीवर हे प्रयोग नकोतच. रेशीम म्हणजे प्रथिन, कपड्याच्या साबणातली अल्कली ते खराब करते. हलकेच टिपा, घासू नका, आणि तशीच ड्रायक्लीनिंगला द्या. देताना डाग कुठे आहे आणि तो तेलाचा आहे, एवढं सांगायला विसरू नका.