आधी मुक्काम, मग गाडी

पहिला परदेशप्रवास : लेखांक ५

कोल्हापूरकराची सहल गाडीपासून सुरू होते. गणपतीपुळे असो, गोवा असो की तुळजापूर-अक्कलकोट, आधी गाडी ठरते, मग माणसे ठरतात आणि मुक्कामाचे ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून दिले जाते. आपल्या मुलखात या क्रमाने फारसे काही अडत नाही. पहिल्या परदेशप्रवासात मात्र हाच क्रम महागात पडतो. विमानतळावर उतरल्याबरोबर भाड्याची गाडी घ्यायची आणि ती दिमतीला आहे म्हणून हॉटेल कुठेही चालेल असे धरायचे, हा बेत कागदावर सोयीचा दिसतो, पण जुन्या युरोपीय शहरात तो टिकत नाही. शहरातला मुक्काम गाडीविनाच जमेल असा आधी ठरवावा, आणि गाडी हवीच असेल तर ती शहर सोडण्याच्या दिवशी घ्यावी, एवढाच या लेखांकाचा मुद्दा. तो तपासण्यासाठी इटलीतले फ्लॉरेन्स घेऊ. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांच्यासोबत इंग्लंडला गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी, अवघ्या विसाव्या वर्षी, याच शहरात निवर्तले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचा अंत्यविधी झाला. तिथे, कास्सिने बागेच्या पश्चिम टोकाला, १८७४ साली छत्री उभी राहिली. जवळच्या पुलालाही त्यांच्यावरूनच ‘पोंते आल इंदियानो’ म्हणतात. इटलीला जाणाऱ्या कोल्हापूरच्या माणसाच्या यादीत हे ठिकाण येतेच.

फ्लॉरेन्सचा मध्यभाग ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या विभागात मोडतो. ठरलेल्या वेळांत तिथे परवानगीविना गाडी न्यायची नाही. नाक्यावर हवालदार उभा नसतो, असतो तो फक्त कॅमेरा. तो नंबरप्लेट टिपतो आणि चालकाला आपण हद्द ओलांडली हे कळतही नाही. दंड प्रत्येक प्रवेशाला वेगळा आणि ८० युरोंहून अधिक असतो. गल्ली चुकली म्हणून वळसा घालून पुन्हा आत शिरलात तर दोन दंड. नोटीस आधी भाडेकंपनीकडे जाते. कंपनी तुमचे नाव-पत्ता पोलिसांना कळवते आणि त्या कामाचे शुल्क तुमच्या कार्डावरून वेगळे कापून घेते. परदेशी राहणाऱ्यास नोटीस बजावायला इटलीच्या कायद्याने ३६० दिवसांची मुदत दिली आहे, त्यामुळे सहलीचे फोटो जुने झाल्यावरही पत्र दारात येऊ शकते. ही पर्यटकांना लुटायची युक्ती मानण्याचे कारण नाही. घोडागाडीच्या काळातल्या अरुंद गल्ल्यांत रहिवासी, मालवाहतूक आणि लाखो पाहुणे मावायचे, तर गाड्या बाहेर ठेवण्यावाचून मार्ग नाही. सिएनाने तर आपला जुना गाभा १९६० च्या दशकातच गाड्यांना बंद केला. नवरात्रात महाद्वार रोडवर गाडी घालायचा विचार पेठेतला माणूस करत नाही. तो बिंदू चौकाच्या पार्किंगला गाडी लावून चालत जातो. फ्लॉरेन्समध्ये तीच शिस्त वर्षभर आणि कॅमेऱ्याच्या धाकाने चालते.

मुक्काम आधी ठरवण्याचे दुसरे कारण व्हिसाचे आहे. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. गाडीचे आरक्षण कोणी मागत नाही. म्हणजे क्रम व्हिसाच ठरवून देतो. मात्र व्हिसा मिळेपर्यंत रद्द करता येईल असेच आरक्षण घ्यावे. स्वस्त पण परतावा नसलेली खोली घेतली आणि व्हिसा अडला, तर दोन्हींचे पैसे बुडतात. जागा निवडताना नकाशावर दोन अंतरे मोजावीत, मुख्य रेल्वे स्थानकापासूनचे आणि ट्रामच्या थांब्यापासूनचे. फ्लॉरेन्सचे सांता मारिया नोव्हेल्ला स्थानक जुन्या शहराच्या कडेलाच आहे आणि तिथून कॅथेड्रल चालत गाठता येते. रोमहून जलद रेल्वे दीड तासाच्या आसपास इथे आणून सोडते. मोटारीला त्याच अंतरासाठी तीन तास तरी धरावे लागतात. आरक्षणापूर्वी लिफ्ट आहे का, हे स्पष्ट विचारावे, कारण जुन्या इमारतींत ती अनेकदा नसते. शहराचा पर्यटक कर माणशी, दर रात्री आकारला जातो आणि बहुधा तिथे गेल्यावर वेगळा द्यावा लागतो. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणे यजमानावर बंधनकारक असते, तेव्हा घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट हाताशी ठेवावेत.

यावर पहिला आक्षेप हिशेबाचा असतो. शहराबाहेर खोली स्वस्त मिळते, मग गाडी घेऊन रोज आत-बाहेर का करू नये? कारण खोलीत वाचलेले पैसे गाडी खाते. मध्यवस्तीतल्या गॅरेजात दिवसाचे भाडे सहज ३० युरोंपर्यंत जाते. त्यात गाडीचे भाडे, विमा, पेट्रोल आणि टोल मिळवा, आणि ज्या दिवसांत आपण संग्रहालयाच्या रांगेत असतो त्या दिवसांतही ती गाडी पैसे खात उभी असते, हे लक्षात घ्या. बाहेर राहायचेच असेल तर ट्रामच्या मार्गावर राहावे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सोबत सत्तरीचे आईवडील आहेत, बॅगा आहेत, त्यांना चालवायचे किती? इथे गाडी हवी हे मान्य, पण ती स्वतः चालवायची नव्हे. परवाना असलेली टॅक्सी झेडटीएलमध्ये जाते आणि हॉटेलच्या दारात सोडते. पाच दिवसांत चार वेळा टॅक्सी केली तरी ती पाच दिवसांच्या गाडीपेक्षा बहुधा स्वस्त पडते. शिवाय शाकाहारी जेवणाची अडचण असलेल्या कुटुंबाने स्वयंपाकघर असलेली जागा, जवळ सुपरमार्केट पाहून घेतली, तर जेवणासाठी गाडी फिरवण्याचे कारणच उरत नाही.

मग गाडी घ्यायचीच नाही का? जरूर घ्यावी, पण ती जिथे उपयोगी आहे तिथे. कियांतीच्या द्राक्षमळ्यांत, वाल दोर्चाच्या टेकड्यांत आणि तिथल्या लहान गावांत बस विरळ असते, आणि चौघांच्या कुटुंबाला गाडी तिकिटांपेक्षा परवडूही शकते. २०१९ पासून ट्राम शहराच्या मध्यातून थेट पेरेतोला विमानतळापर्यंत जाते. शेवटच्या सकाळी ट्रामने तिकडे जाऊन गाडी घेतली, की जुन्या शहरात न शिरता महामार्ग गाठता येतो. परत करतानाही तेच ठिकाण ठेवावे, कारण दुसऱ्या गावी गाडी सोडल्यास जादा आकार पडतो.

गाडीची कागदपत्रे मात्र कोल्हापुरातूनच नेली पाहिजेत. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओकडून मिळतो. नमुना ४-अ मध्ये अर्ज, १,००० रुपये शुल्क आणि जास्तीत जास्त एक वर्षाची मुदत. तो मूळ परवान्याच्या जोडीनेच चालतो, त्यामुळे दोन्ही जवळ हवेत. अनामत रकमेसाठी बहुतेक कंपन्या चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागतात. बायकोच्या किंवा मुलाच्या कार्डावर अडवणूक होते. इटलीत वाहतूक उजव्या बाजूने आहे, स्टिअरिंग डावीकडे, आणि भाड्याच्या गाड्यांत हाताच्या गिअरच्या पुष्कळ. नव्या बाजूची सवय होईपर्यंत गिअरची आणखी एक कसरत नको म्हणून ऑटोमॅटिक गाडी आधीच सांगून ठेवावी. विम्यातही टायर आणि काचा धरल्या आहेत का, आणि अपघातात पहिली किती रक्कम आपल्यावर येते, हे करारात वाचूनच सही करावी. उजव्या बाजूचीच धास्ती असेल, तर पहिली गाडी ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड किंवा मॉरिशससारख्या डावीकडून चालणाऱ्या देशात घेणे शहाणपणाचे. तिथेही लंडनसारख्या शहरात मध्यभागी गाडी नेण्याचे शुल्क भरावे लागते, म्हणजे आधी मुक्काम आणि मग गाडी हा क्रम तिथेही बदलत नाही.

पुढच्या आठवड्यात परकीय चलन आणि कार्डे. तोवर वाचकांनी एकच काम करावे. आपल्या बेतातल्या प्रत्येक दिवसापुढे ‘शहर’ किंवा ‘बाहेर’ असे लिहावे, आणि गाडीचे आरक्षण फक्त दुसऱ्या प्रकारच्या दिवसांसाठी करावे.