अरण्य, न्याय आणि शांतता

शांतता म्हणजे संघर्षाचा अभाव, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु हाणामारी थांबली आणि तिचे कारण तसेच राहिले, तर त्या अवस्थेला फार तर विराम म्हणता येईल. जेथे वादाचे मूळ जमीन, पाणी वा अरण्य यांत असते, तेथे निसर्गरक्षण, न्याय आणि शांतता हे तीन स्वतंत्र विषय उरत नाहीत. केनियात वृक्षलागवडीची चळवळ उभारणाऱ्या वंगारी मथाई यांना २००४ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच जाणिवेतून. आपला बुऱ्हाणपूर जिल्हाही या विचाराची कसोटी पाहणारा आहे.

शेजारच्या खानदेशात १८१८ नंतर भिल्लांचे उठाव झाले. १८२५ साली आउट्रमने भिल्ल पलटण उभारली. नोकरी देऊन शांतता मिळवली. पण १८७८ च्या वनकायद्याने ज्या अरण्यावर वनवासी जगत होता, तेच सरकारी राखीव झाले आणि तो आपल्याच भूमीवर अतिक्रमक ठरला. स्वातंत्र्यानंतर, १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्रार्पण केलेल्या नेपानगरच्या कागद कारखान्याला येथील सालई आणि बांबू लागले. वनाचा उपयोग राष्ट्राला झाला. वनवासीयांच्या हक्काचा प्रश्न मात्र मागेच राहिला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या 'ऐतिहासिक अन्याया'ची स्पष्ट कबुली दिली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीस त्या जमिनीचा हक्क मागता येतो आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्याला हुसकावता येत नाही. वन आणि वन्यजीव राखण्याचा अधिकारही हाच कायदा ग्रामसभेला देतो.

या तरतुदींची अंमलबजावणी लांबली की काय होते, हे आपण पाहिले आहे. जुलै २०१९ मध्ये सिवल येथे जमिनीवरून झालेल्या संघर्षात वनविभागाकडून गोळीबार झाला आणि आदिवासी जखमी झाले. २०२२-२३ मध्ये नेपानगर परिसरात मोठी वृक्षतोड झाली. एप्रिल २०२३ मध्ये तर जमावाने नेपानगर पोलीस ठाण्यावर हल्ला करून आरोपी सोडवून नेले. या वृक्षतोडीविरुद्ध जागृत आदिवासी दलित संघटनेच्या आदिवासींनीही निदर्शने केली, हे विसरता कामा नये. दावे अनिर्णित राहिले की जुना कसणारा आणि नवा वृक्षतोड्या यांतील भेद पुसला जातो. निरपराध भयभीत होतो, अपराधी त्याच्या आड लपतो आणि अरण्य आपला सर्वांत जवळचा राखणदार गमावते.

याउलट चित्र गडचिरोलीत दिसते. अनेक दशके सशस्त्र संघर्ष सोसलेल्या त्या जिल्ह्यात मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. तेवढ्याने जिल्ह्यातील हिंसा संपली नाही. पण गावाला वन राखण्यात स्वतःचे हित दिसले आणि शासनाशी व्यवहार बरोबरीच्या नात्याने करता आला.

बुऱ्हाणपुरातही मार्ग याहून निराळा नाही. दाव्यांचा निर्णय खुल्या ग्रामसभेसमोर, कारणे देऊन व्हावा. नव्या वृक्षतोडीस, ती कोणीही करो, शिक्षा व्हावी. आणि उजाड झालेल्या डोंगरांवर पुन्हा सालई, साग, मोह उभे करण्याचे काम त्याच गावांकडे, योग्य मोबदल्यासह सोपवावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. हक्काचा निवाडा टाळून लावलेले रोप राखायला पहारेकरी लागतो. निवाड्यानंतर लावलेले रोप गाव स्वतः राखते.