हळद आणि सोनटक्का

नवी मुंबईत वाशी येथे मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचा फार मोठा घाऊक बाजार आहे. लोक त्याला एपीएमसी मार्केट म्हणतात. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, धान्य आणि मसाले असे त्याचे पाच विभाग आहेत. मसाल्याच्या विभागात हळकुंडांच्या गोण्यांची थप्पी लागलेली दिसते. हळद आपण रोज खातो. परंतु तिला फूल येते काय, असा प्रश्न वर्गात विचारला की बहुतेक मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

हळदीला फूल येते, आणि तेही देखणे. एवढेच नव्हे, तर ज्या सोनटक्क्याच्या शुभ्र फुलांचा वास पावसाळ्यातील संध्याकाळी अंगणभर दरवळतो, तो सोनटक्का हळदीचा सख्खा नातेवाईक आहे. आले आणि वेलदोडाही याच घराण्यातील. या घराण्याला वनस्पतिशास्त्रज्ञ आर्द्रक कुल म्हणतात. घराजवळ हातभर जागा असेल, तर हळद लावावी की सोनटक्का, याचा विचार करण्यासाठी आधी या दोघांची नीट ओळख करून घेतली पाहिजे.

दोन्ही झाडे बहुवर्षायू आहेत. त्यांचे खरे बिऱ्हाड जमिनीखाली असते. मातीत जो गड्डा वाढतो, त्याला आपण सहज मूळ म्हणून मोकळे होतो. पण ते मूळ नव्हे, खोड होय. आल्याचा एखादा तुकडा हाती घेऊन पाहा. त्याच्यावर कंगोरे आणि डोळे दिसतील. डोळे खोडाला असतात, मुळाला नसतात. त्या डोळ्यांतून पावसाळ्याच्या प्रारंभी कोंब वर येतात. वर जो उभा दांडा दिसतो, तो बराचसा पानांच्या तळांचाच, केळीप्रमाणे एकात एक गुंडाळून झालेला असतो.

पानांवरून दोघांत भेद करणे सोपे आहे. हळदीचे पान रुंद असून त्याला लांब देठ असतो, आणि ते चुरगळले की हळदीचा वास येतो. कोकणात व गोव्यात नागपंचमीच्या सुमारास याच पानांत पातोळ्या उकडतात. सोनटक्क्याचे पान अरुंद, भाल्याच्या पात्यासारखे. त्याला देठ जवळजवळ नसतोच. दांड्याच्या दोन बाजूंना ती पाने ओळीने लागतात आणि झाड माणसाच्या खांद्याला लागेल इतके वाढते.

आता फुले पाहू. सोनटक्क्याचे फूल दांड्याच्या टोकाशी येते. संध्याकाळी कळी उमलते व रात्री वास वाढतो, कारण त्याचे पाहुणे रात्री येतात. फुलाची नळी लांब व बारीक असते. तिच्या तळाचा मध लांब सोंडेच्या पतंगांनाच मिळतो. दूरच्या क्यूबा देशाने हे फूल आपले राष्ट्रीय फूल मानले आहे. तेथे त्याला मारिपोसा, म्हणजे फुलपाखरू, असे म्हणतात. हे नाव मोठे समर्पक आहे. परंतु त्या फुलपाखराचे पंख म्हणजे पाकळ्या नव्हेत! ते रूप बदललेले पुंकेसर होत. खऱ्या पाकळ्या अरुंद असून मागे दडलेल्या असतात. पराग देणारा पुंकेसर एकच उरलेला असतो आणि त्याच्या खाचेतून स्त्रीकेसराचा बारीक धागा ओवल्यासारखा बाहेर येतो. सुई घेऊन हा धागा अलगद सोडवून पाहावा. निसर्गाची अशी शिवणकला क्वचितच पाहावयास मिळते.

हळदीचे फूल मात्र वाकून पाहावे लागते. पानांच्या मधोमध एक जाड कणीस वर येते. त्यावर फिकट हिरव्या पानांच्या वाट्या एकावर एक बसविलेल्या असतात. शेंड्याकडच्या वाट्या पांढऱ्या, कधी गुलाबी छटा असलेल्या. पाहणारा त्यांनाच फूल समजतो. खरे फूल लहान, पिवळे, त्या वाटीत बसलेले असते. सह्याद्रीच्या उतारांवर पावसाळ्यात फुलणारी रानहळद ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही ठेवण लगेच ओळखू येईल.

या दोन फुलांतील मोठा फरक पुढे आहे. सोनटक्क्याला बी धरू शकते. हळदीचे फूल बहुधा वांझच राहते. सामान्यतः सजीवांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात; हळदीत तीन आहेत. तिघांची दोन वाटे सारखे पडत नाहीत, म्हणून बी तयार होत नाही. याचा अर्थ असा, की शेतातली प्रत्येक हळद ही आदल्या वर्षीच्या गड्ड्याचा तुकडा आहे, तो गड्डा त्याच्या आदल्या वर्षीच्या गड्ड्याचा, आणि अशी ही साखळी शेकडो वर्षे मागे जाते. मधल्या प्रत्येक वर्षी कोणीतरी बेणे राखून ठेवले. सगळेच गड्डे शिजवून विकले असते, तर ती जात तिथेच संपली असती. सोनटक्क्याचे उलट आहे. हिमालयाच्या पूर्व भागाकडील हे झाड लोकांनी हौसेने हवाई बेटांत व ब्राझीलमध्ये नेले. तेथे ते ओढ्यांच्या काठाने इतके माजले, की तेथील मूळच्या झाडांना जागा उरेना. एक झाड माणसाच्या हातावाचून जगत नाही. दुसरे माणसाच्या हातात राहत नाही.

हळदीला सांगलीकडे तर आणखी एक भूमिगत मुक्काम मिळे. सांगलीजवळ हरिपूर येथे वाळलेली हळद जमिनीतील खोल पेवांत साठवीत. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचा जखम बरी करण्याचा गुण आपल्या आजीबाईंना ठाऊक असताना, १९९५ साली अमेरिकेत त्यावर पेटंट देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली, जुने लेखी पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये ते रद्द करविले.

असो. आपण घराशेजारच्या हातभर जागेकडे वळू. मोरीचे पाणी जिथून वाहते आणि माती सदा ओली राहते, तिथे सोनटक्का लावावा. थोडी सावली त्याला मानवते. तिथे हळद लावाल, तर गड्डे कुजतील. हळदीला पाणी हवे, पण ते निचरून गेले पाहिजे. म्हणून तिच्यासाठी उंच गादीवाफा करतात. चाळीच्या किंवा इमारतीच्या गॅलरीत, तळाला भोके पाडलेल्या डब्यात, मी तरी हळदच लावीन. सोनटक्का अशा कोंडवाड्यात तहानेने रुसून बसतो.

मात्र किराणा दुकानातील हळकुंड पेरू नका. ते शिजवून वाळविलेले असते. त्याचा डोळा मेलेला असतो. मसाल्याच्या विभागातील त्या सगळ्या गोण्यांतून एकही कोंब निघणार नाही. हिवाळ्यात भाजीबाजारात ओली हळद येते. तिच्यातला डोळे टपोरे असलेला तुकडा सावलीत, कोरड्या मातीत जपून ठेवावा आणि मे महिन्याच्या अखेरीस दोन-तीन बोटे खोल लावावा. माघाच्या सुमारास पाने पिवळी पडून लोळतात. झाड मेले, असे समजून डबा फेकून देऊ नये. हीच काढणीची वेळ. मधला जाड तो जेठा गड्डा, त्याला फुटलेली बोटे ती हळकुंडे. एखादा जोमदार गड्डा बेण्यासाठी बाजूला काढावा आणि उरलेले आईच्या स्वाधीन करावे.

सोनटक्का असा दरवर्षी उकरावयाचा नसतो. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तेवढा बुडाशी कापावा. शेजारून नवे कोंब येतात. तीन-चार वर्षांनी ठोंब दाट झाला की पावसाच्या तोंडावर त्याचे तुकडे करून शेजाऱ्यांना द्यावे. ओढ्याकाठी मात्र नेऊन टाकू नयेत.