जळालेल्या अजिंठ्याचे ठसे

मेजर रॉबर्ट गिल यांची 1844 मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांच्या बहुतेक तैलचित्रांची 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत राख झाली. हळहळ वाटावी असेच नुकसान! त्यांतली काही मात्र मिसेस स्पीअर यांच्या 1856 च्या पुस्तकात छोट्या लाकडी ठशांतून छापली गेली होती. रेखाटने जॉर्ज शार्फ यांची. अठराव्या शतकाअखेर टॉमस ब्युइक यांनी नावारूपाला आणलेले हे लाकडावर कोरण्याचे तंत्र. तांब्यावर कोरलेली रेघ शाई धरते, इथे कोरलेली रेघ पांढरी उरते. पांढऱ्या रेघा दाट तिथे उजेड, विरळ तिथे अंधार. रंग नाहीत, म्हणून प्रसंगाचे सारे नाट्य मानेच्या कलावर आणि बोटांच्या वळणावर. हे ठसे भिंग घेऊनच पाहावेत. गिल 1879 मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे.