काळ्यावर काळं

मनातला अंधार काढायचा म्हटलं की आपण कॉम्प्युटरवर आधी काळा रंग ओततो, मग मधे स्वतःचा चेहरा. फसतं ते तिथेच! स्क्रीनवर प्रत्येक रंगाला ० ते २५५ टप्पे असतात. सगळे ० म्हणजे तिथे काहीच नाही. मग दोन हात करायचे कोणाशी?

गोव्यातल्या साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी काळ्यावर काळीच चित्रं रंगवली. १९६६ मध्ये ती लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत लागली. रंगाचे जाड उंचवटे. उजेड तिरपा पडला, आपण जरासं सरकलो, की आकृती उमटते.

आपल्या स्क्रीनला उंचवटे नाहीत. म्हणून काळ्याचेच १०, २०, ३५ असे टप्पे करा. क्रिटा हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. खाली चेहरा, वर मल्टिप्लायचा लेयर. दोन आकड्यांचा गुणाकार भागिले २५५; १२८ वर १२८ ठेवलं की ६४. चेहरा पुसला जात नाही, नुसता बुडतो. मग मास्क लावून हवा तेवढाच उघडायचा.

प्रतीकं मात्र उसनी नकोत. कवटी, कावळा, फुटका आरसा पाहून पाहून गुळगुळीत झालेत. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बॅक राहिलेल्या पोराच्या कपाळावर तशी एक भेग काढून पाहा. आत काय दिसतं, ते ज्याचं त्यानं रंगवायचं. काढताना फारच जड वाटलं तर फाईल सेव्ह करा अन् रूममेटला चहाला न्या. आणि हो, रात्री लाइट बंद करून काढलेलं चित्र सकाळच्या उजेडात एकदा तपासाच.