एका वेळी एकच दोष
नित्याच्या जीवनातली शुद्धता : भाग सहावा

हात न धुता जेवायला बसलेल्या शिष्यांवरून उठलेला वाद आपण मागच्या भागात पाहिला. पोटात जाणारं अन्न माणसाला विटाळत नाही, अंतःकरणातून जे बाहेर येतं ते विटाळतं, असं प्रभू येशू तिथे स्पष्ट सांगतो. हात धुवायला पाणी पुरतं. पण अंतःकरणाचं काय करायचं? आणि ते कधी करायचं, जेव्हा सकाळची लोकल, मुलांचे डबे आणि घरातलं आजारपण यांतच दिवस संपतो?

याचं एक उत्तर संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या छोट्या पुस्तकात दिलं आहे. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यात सदसद्विवेकबुद्धीच्या तपासणीचा जो एक प्रकार आहे, तो मला प्रपंचातल्या माणसासाठी फार मोलाचा वाटतो. सगळे दोष एकदम काढायला जायचं नाही. एकच निवडायचा.

समजा, तो दोष म्हणजे घरच्यांना टाकून बोलणं. सकाळी उठल्याउठल्या ठरवायचं, आज यावर लक्ष ठेवीन. दिवसात कधी तसं बोलून गेलो, की तिथल्या तिथे छातीवर हात ठेवून मनोमन पश्चात्ताप करायचा. चारचौघांतही हे कुणाला कळत नाही, असं इग्नेशियस आवर्जून लिहितात. दुपारच्या जेवणानंतर उठल्यापासूनचा एकेक तास आठवायचा आणि जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके कागदावरच्या रेघेवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा तेच, खालच्या रेघेवर. रोजच्या अशा दोन रेघा. त्यांनी आखून दिलेल्या तक्त्यात त्या रविवारपासून पुढे आखूड होत जातात, कारण ठिपके कमी होत जातील अशी त्यांची आशा आहे. रात्री दोन रेघा ताडून पाहायच्या, मग कालचा आणि आजचा दिवस, मग मागचा आणि हा आठवडा.

दुकानदाराच्या रोजमेळासारखं हे कुणाला कोरडं वाटेल. मला मात्र त्यात मोठी दया दिसते. ‘मी वाईट आहे’ या ढोबळ खंतीतून काहीच निघत नाही. ‘दुपारी आईंनी औषध कुठे आहे विचारलं तेव्हा मी खेकसले’ हे कळलं की संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसता येतं, औषध हातात देता येतं, क्षमा मागता येते. दोष नेमका कळला की पश्चात्तापालाही काम मिळतं.

ही दया इग्नेशियस यांना सहज सापडलेली नव्हती. १५२१ मध्ये पाम्प्लोना इथे तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि त्या आजारपणात त्यांचं मन पालटलं. पुढच्या वर्षी माँतसेरातच्या मठात त्यांनी आयुष्यभराचं पापनिवेदन लिहून काढून केलं, त्याला तीन दिवस लागले. तरीही जवळच्या मानरेसा गावी राहताना काहीतरी सांगायचं राहिलं, ही शंका त्यांना सोडीना. पुन्हा निवेदन, पुन्हा शंका. जीव द्यावा असं मनात येण्यापर्यंत मजल गेली. देवाने दिलासा द्यावा म्हणून त्यांनी रविवार ते रविवार अन्न वर्ज्य केलं, तेव्हा त्यांच्या धर्मगुरूंनी उपास सोडायला लावला. अखेर, जुनी पापं पुन्हा उकरायची नाहीत, असा निश्चय त्यांनी केला आणि त्या छळातून ते सुटले. ही हकिगत त्यांनी स्वतःच उतारवयात सांगून ठेवली आहे.

शुद्धतेची ओढ आणि शुद्धतेचा ध्यास यांतलं अंतर या माणसाने असं भोगून ओळखलं. त्याच पुस्तकात दिवसभराच्या सर्वसाधारण तपासणीच्या पाच पायऱ्या आहेत आणि पहिली पापाची नाही, मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार मानण्याची आहे. दुसरीत, आपलं पाप दिसावं म्हणून कृपा मागायची. मग विचार, शब्द आणि कृती यांचा आढावा, क्षमायाचना, आणि शेवटी सुधारण्याचा निश्चय व प्रभूची प्रार्थना. हा क्रम मोडू नये. आभाराआधी दोष पाहायला बसलं की मन एकतर स्वतःला झोडपतं, नाहीतर सबबी शोधतं.

१५७९ मध्ये गोव्यात आलेले, मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स इग्नेशियस यांनीच स्थापलेल्या येशूसंघाचे. दिवसातून दोनदा थांबून स्वतःकडे पाहण्याची ही शिस्त त्या संघाच्या घडणीतच आहे. पण त्यासाठी मठात जावं लागत नाही. दुपारचा डबा संपल्यावर पाच मिनिटं पुरतात.

आता दोष कोणता निवडायचा? आपल्याला सर्वांत लाजिरवाणा वाटतो तो निवडण्याची घाई करू नये. ज्याचा त्रास आपल्या घरच्यांना रोज होतो, तो आधी घ्यावा. कोणता ते कळत नसेल तर त्यांनाच विचारावं. तक्ता मात्र कुणाला दाखवू नये आणि दुसऱ्याचा तर मुळीच भरू नये. एखाद्याला इग्नेशियस यांच्यासारखीच शंकेची पीडा असेल, तर त्याने ठिपके देणं थांबवून आपल्या धर्मगुरूंशी बोलावं.

पुढच्या भागात पापनिवेदनाच्या संस्काराविषयी.